वेळ कुणाला दिला?

"आ पिक्चरमां कंई थतुं ज नथी," असं म्हणत शेजारचे भाई उठले तेव्हा सिनेमा सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. त्यांच्या मागोमाग आणखी सहा जण उठले. अंधारात चपला चाचपल्याचा आवाज झाला, दार उघडलं, खालच्या रस्त्यावरच्या रिक्षांचा गलका क्षणभर वर आला आणि दार लागल्यावर थांबला. बावीस जणांतले आम्ही पंधरा उरलो.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही कुटुंबं जमून सिनेमा पाहतो. बहुतेक सगळे इथले मराठी, तीन-चार पिढ्या याच शहरात गेलेले, आणि दोन-तीन गुजराती शेजारी. भिंतीवर पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, सिनेमा संपला की सेव-उसळ. निवडीची पाळी प्रत्येकाकडे येते. या खेपेला ती माझी होती आणि मी सोफिया कोपोला यांचा २००३ सालचा 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' लावला. दिवे लागल्यावर जो वाद पेटला तो त्या रात्री मिटला नाही. पुढचे तीन आठवडे खंडेराव मार्केटात भाजी घेताना, कमाटी बागेत फिरताना, एका साखरपुड्याच्या पंगतीतसुद्धा तो चालू राहिला. आता ठराव पुढे आला आहे की यापुढे 'असले रेंगाळणारे' सिनेमे लावायचे नाहीत, आणि कुणी हट्टच धरला तर निवडक भाग दाखवावेत. येत्या रविवारी हात वर करून निर्णय होईल. माझा हात विरोधात असेल. त्याची कारणं मला नीट मांडायची आहेत, कारण ही गोष्ट आमच्या माडीपुरती नाही. ज्या सिनेमात 'काही घडत नाही' त्याला थिएटरातही अडचणीच्या वेळेचा एखादा खेळ मिळतो आणि आपण जाऊ म्हणेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉब हॅरिस हा पन्नाशी उलटलेला अमेरिकन नट एका व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी टोकियोत आला आहे. ही भूमिका बिल मरे यांची. त्याच हॉटेलात शार्लट आहे, स्कार्लेट जोहान्सन यांनी केलेली. विशीतली, तत्त्वज्ञान शिकून बाहेर पडलेली, पुढे काय करायचं ते न कळलेली. नवरा फोटोग्राफर, तो कामावर गेला की दिवस तिच्या अंगावर येतो. बॉबच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आहेत, तिच्या लग्नाला दोन. दोघांनाही रात्री झोप येत नाही. हॉटेलच्या बारमध्ये ओळख होते, काही दिवस एकमेकांच्या सोबतीने जातात, मग तो परत निघतो. गोष्ट इथे संपते. सत्तावीस दिवसांत, सुमारे ४० लाख डॉलरांत हे चित्रण झालं. लहानसं युनिट घेऊन, रस्त्यांवर आणि भुयारी रेल्वेत, जमेल तिथे असलेल्याच उजेडात. सिनेमाने जगभरात ११ कोटी डॉलरांहून अधिक कमावले आणि २००४ साली सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवलं. हे आकडे मी कुणाला गप्प करण्यासाठी देत नाही. बक्षीस मिळालं म्हणून आपल्याला आलेला कंटाळा खोटा ठरत नाही. उठून गेलेल्या सात जणांचा कंटाळा खरा होता आणि त्यांच्याशी तितक्याच खरेपणाने बोललं पाहिजे.

त्या रात्री माझा भाचा म्हणाला, "मावशी, दीडपट वेगाने लावला असतास तर सगळे बसले असते." त्याने ते मनापासून सुचवलं होतं. मालिका, भाषणं, शिकवणीचे तास, सगळं तो तसंच पाहतो आणि त्याचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला शेजारी बसवलं आणि एकच प्रसंग दोन वेगांनी दाखवला. बॉब हॉटेलच्या खोलीत आहे, पहाटेचे चार वाजून गेले आहेत, आणि कोपऱ्यातलं फॅक्सचं यंत्र आवाज करायला लागतं. कागद बाहेर येतो. घरून बायकोने पाठवला आहे: तुझ्या अभ्यासिकेत कुठल्या प्रकारच्या फळ्या लावू ते सांग. दीडपट वेगात त्यातला विनोद शाबूत राहिला. बिचाऱ्याला अपरात्री उठवलं आणि तेही कशासाठी! भाचा हसला. मग मूळ वेगात लावलं. कागद सरकत सरकत येतो. तो पुरता येईपर्यंत आपल्याला वाटत राहतं की घरून कुणीतरी त्याची आठवण काढली. मग फळ्यांचं चित्र दिसतं. मधली ती दोन-चार सेकंदांची आशा दीडपट वेगात जागेवरच नाहीशी झाली होती. भाचा या वेळी हसला नाही. "पण एवढं कोण बघतं?" असं मात्र म्हणाला.

त्याच्या या प्रश्नाला मी फार मोलाचं मानते. एवढं कोण बघतं? ज्याला कधी कुणी वाट पाहायला लावली आहे तो बघतो. आणि ज्याच्यावर तशी वेळ आली नाही त्यालाही बघायला शिकवता येतं. सिनेमा त्यासाठीच असतो असं मला वाटतं. शार्लट अमेरिकेतल्या मैत्रिणीला फोन लावते. आज मी एका देवळात गेले होते, तिथे मंत्र चालले होते, पण मला काहीच वाटलं नाही, असं सांगताना तिचा आवाज फुटतो. तिकडे मैत्रीण घाईत आहे. ती 'एक मिनिट हं' म्हणून बाजूला जाते. परत येते तोवर शार्लटने डोळे पुसलेले असतात आणि सांगायचं ते सांगून झालेलं असतं. गोष्ट म्हणून पाहिलं तर एक फोन झाला, यापलीकडे काही घडलं नाही. पण दूर असलेल्या मुलीशी, बहिणीशी, आईशी फोनवर बोलताना आपण किती वेळा 'एक मिनिट हं' म्हणतो याची आठवण मला तो प्रसंग पाहताना झाली, आणि ती अजून सुटलेली नाही.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला संथ गतीचं वावडं असू नये. उस्ताद फैयाज खाँ इथल्या दरबारचे गायक. १९५० साली याच शहरात त्यांनी डोळे मिटले. आग्रा घराण्याची नोमतोम आलापी त्यांनी काय उंचीला नेली ते जाणकार सांगतातच. शब्द नाहीत, तबला अजून लागलेला नाही, आणि तरी आत लय चालू आहे. माझ्या आजोबांकडे खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यांनी खाँसाहेबांना समोर बसूनही ऐकलं होतं. तबकडी लावताना ते म्हणायचे, "यात राग कळतो, खाँसाहेब भेटत नाहीत." निवडक भाग दाखवा म्हणणाऱ्यांना मला आजोबांचं हेच वाक्य ऐकवायचं आहे. निवडक भागांतून गोष्ट कळेल. बॉब आणि शार्लट भेटणार नाहीत.

आता संथ म्हणजे चांगलाच, असं मी म्हणत नाही. माणूस पाच मिनिटं डोंगराकडे बघत बसलेला आणि दिग्दर्शकाने बघायला सांगितलं म्हणून तो बघतो आहे, हे आपल्याला कळतं, असे सिनेमे मीही पाहिले आहेत आणि ते अर्ध्यात बंद केले आहेत. तिथे वेळ नुसता खर्च होतो. इथे वेळ कशासाठी लागतो ते प्रत्येक प्रसंगात दिसतं. जेट लॅग झालेल्या माणसाची रात्र अशीच असते: डोळे जड, झोप नाही, खोली स्वच्छ, बाहेर दिव्यांचा समुद्र आणि त्यातलं आपल्या ओळखीचं काही नाही. ती रात्र भराभर दाखवली तर ती दुसऱ्याच कुणाची तरी रात्र होईल.

हे मी ठामपणे लिहू शकते ते एका काकूंमुळे. सत्तरी ओलांडलेल्या, आमच्याच गल्लीतल्या. त्या शेवटपर्यंत बसल्या होत्या, वादात मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. सगळे गेल्यावर भिंतीवरची चादर काढून आम्ही दोघी तिची घडी घालत होतो, दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. मी विचारलं, "काकू, आवडला का हो?"

"आवडला म्हणू नको. ओळखीचा वाटला."

मग चादरीची टोकं हातात तशीच धरून त्या बोलत राहिल्या. मुलाकडे पहिल्यांदा गेल्या तेव्हा सहा महिने राहिल्या होत्या, शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर. सकाळी साडेसातला मुलगा-सून बाहेर पडत, बाळ पाळणाघरात जाई. "मग मी आणि ती खिडकी. सिनेमातली पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसते ना काचेपाशी, तशीच मी बसायचे, खुर्ची ओढून. पहिले पंधरा दिवस रात्री दोनला टक्क जाग. दिवा लावायची चोरी, त्यांची झोप मोडेल म्हणून. अंधारात स्वयंपाकघरात बसून राहायचे. दुपारी बाराच्या सुमाराला टपालाची गाडी यायची. मला कुठलं यायला टपाल? पण मी गाडीची वाट बघायचे." मुलगा वाईट नाही, सून गुणाची आहे, घर मोठं आहे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तक्रार करायची नव्हती त्यांना. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच ते कुणाला सांगता आलं नव्हतं. बडोद्याला परतल्यावर लोकांनी नायगारा पाहिलात का एवढंच विचारलं, आणि त्यांनी फोटो दाखवले.

रावपुऱ्यापासून मकरपुऱ्यापर्यंत अशी किती घरं असतील जिथले आईवडील वर्षाआड सहा महिने अमेरिकेला किंवा कॅनडाला 'मुलांकडे' जातात. परदेशी एकट्या पडलेल्या माणसांची गोष्ट आपल्या काय कामाची, असं त्या रात्री दोघांनी विचारलं होतं. दोघांचीही मुलं परदेशात आहेत.

चादरीची शेवटची घडी घालताना काकूंनी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. त्या म्हणाल्या, "तिकडे दर पंधरा दिवसांनी घर साफ करायला एक बाई यायची, मेक्सिकोची. तिला इंग्रजी येईना, मलाही येईना. मी शिरा करून ठेवायचे, ती खायची आणि मुलांचे फोटो दाखवायची. सहा महिन्यांत मी सगळ्यात जास्त कुणाशी बोलले असेन तर तिच्याशी. मला सांग, एवढं मोठं ते हॉटेल. त्या दोघांची खोली आवरायला कुणी येत असेलच ना? तिच्याकडे त्यांनी एकदाही कसं बघितलं नाही?"

मी आठवून पाहिलं. मला त्या बाईचा चेहरा आठवला नाही.

या सिनेमावरचा खरा आक्षेप काकूंनी शोधून काढला होता, आणि तो गतीबद्दलचा नव्हता.

त्याच्या जवळ जाणारा एक आक्षेप वादाच्या वेळी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीने घेतला होता. पंचतारांकित हॉटेल, बावन्नाव्या मजल्यावरचा बार, कामाचे बक्कळ पैसे, असं सगळं असताना कसलं एकटेपण, असं तिने विचारलं. आणि मग म्हणाली, "याच शहरात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. एकटा प्रवासी कोण, ते आधी ठरवा." माडीवर कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा.

ती म्हणाली ते आपल्या शहराला विसरता येण्यासारखं नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना कुणी जागा दिली नाही. एका पारशी उतारशाळेत पारशी नाव नोंदवून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. ज्या बागेत आम्ही सकाळी फिरतो तीच ही बाग.

मला ही दोन एकटेपणं एका तागडीत घालायची नाहीत. एक समाजाने केलेला अन्याय आहे, त्याला न्याय हवा. दुसरं आतून आलेलं रितेपण आहे, त्याला कुणी ऐकणारं मिळालं तरी पुरतं. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे म्हणून ती एक होत नाहीत. पण त्या मुलीचं बोलणं ऐकून मी घरी आले आणि बाबासाहेबांनी त्या अकरा दिवसांबद्दल लिहिलेली पानं पुन्हा काढली. वाचताना लक्षात आलं की जागा मिळाली नाही आणि मग हाकलून दिलं, एवढंच ते लिहीत नाहीत. वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, तिच्या लगतचा मोठा ओसाड दिवाणखाना, त्यात टाकलेल्या फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या, हे ते सांगतात. वीज नाही, संध्याकाळी राखणदार एक कंदील आणून ठेवतो आणि त्याचा उजेड वीतभरापलीकडे जात नाही. बोलायला माणूस हवं असतं, ते नसतं, म्हणून ते पुस्तकात डोकं घालतात, आणि वटवाघळांच्या फडफडीने पुन्हा भानावर येतात. घटना एका ओळीची आहे. ती एका ओळीत सांगितली असती तर आपण हळहळलो असतो आणि पान उलटलं असतं. कंदील आणि वटवाघळं सांगितली म्हणून आपण त्या खोलीत जाऊन बसतो. संथपणे सांगणं हा सुखवस्तूंचा चोचला आहे असं जे म्हणतात त्यांनी ही पानं वाचावीत. अन्यायसुद्धा पुरता कळायला वेळ द्यावा लागतो.

म्हणूनच काकूंचा प्रश्न मला टाळता येत नाही. वेळ देणं ही जर या सिनेमाची ताकद असेल, तर तो वेळ त्याने कुणाला दिला?

सिनेमातला सगळ्यांत गाजलेला प्रसंग घ्या. व्हिस्कीच्या जाहिरातीचं चित्रीकरण चालू आहे. जपानी दिग्दर्शक बॉबला जपानीत भलंमोठं काहीतरी समजावतो, हातवारे करतो, चढ्या आवाजात. दुभाषी बाई त्याचं एका वाक्यात भाषांतर करते: कॅमेऱ्याकडे वळा, तीव्रतेने. बॉब विचारतो, एवढंच बोलला का तो? आपण हसतो. आमच्या माडीवरही इथेच सगळ्यांत मोठा हशा आला. जपानी संवादांना खाली अक्षरं दिलेली नाहीत. बॉबला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळत नाही, आणि त्याच्या जागी बसवण्याची ती युक्ती मला पहिल्यांदा पाहताना फार आवडली होती. पुढे त्या संवादाचा अर्थ माझ्या वाचनात आला. तो दिग्दर्शक सांगत असतो की सावकाश, हळुवारपणे कॅमेऱ्याकडे बघा, जुना मित्र भेटल्यासारखं बोला. म्हणजे या संपूर्ण सिनेमाचं मर्म त्या जपानी माणसाच्या तोंडी आहे. सावकाश, हळुवार, जुन्या मित्रासारखं. आणि नेमकं तेच आपल्यापर्यंत पोचू दिलेलं नाही. आपल्याला ऐकू येतो तो एक विनाकारण ओरडणारा माणूस.

हा एकच प्रसंग असता तर मी सिनेमाच्या बाजूने उभी राहिले असते. पण लिफ्टमध्ये बॉब जपान्यांच्या डोक्यावर वीतभर उंच, न्हाणीघरातला शॉवर त्याच्या छातीशी, आणि 'र' चा 'ल' होतो यावर पुन्हा पुन्हा हशा. ऑस्करच्या सुमारास अमेरिकेतल्या काही आशियाई मंडळींनी या सिनेमाला मतं देऊ नका असं आवाहन केलं होतं, ते याच कारणासाठी. त्यांना तेव्हा अतिसंवेदनशील ठरवण्यात आलं. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि का पटतं ते सांगायला मला टोकियोला जावं लागत नाही, पुण्याला जाऊन आलं तरी पुरतं. विशीत असताना मी चुलतबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेले होते. सहज कुणाला तरी म्हणाले, "उद्या येशील ने?" आमच्या बोलण्यात हा गुजराती 'ने' इतका मुरला आहे की तो गुजराती आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पुढचे दोन दिवस मी तोंड उघडलं की भावंडं 'ने, ने' करत होती. ती वाईट नव्हती, आजही जिवाभावाची आहेत. माझं वाक्य पूर्ण ऐकण्याची त्यांना गरज वाटली नव्हती, इतकंच. तिसऱ्या दिवशी मी कमी बोलायला लागले.

कोपोला यांना जपानी माणसं दिसलीच नाहीत असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. फुलांची मांडणी करणाऱ्या बायका शार्लटच्या हातात एक फांदी देतात आणि तिला आपल्यात ओढून घेतात, तो प्रसंग किती निर्मळ आहे. जपानी मित्रांबरोबरची कराओकेची रात्र आहे. शार्लटच्या पायाला लागतं म्हणून बॉब तिला रुग्णालयात नेतो. तिथे शेजारी बसलेलं एक वयस्क जपानी माणूस त्याला हातांच्या खुणांनी काहीतरी विचारत राहतं, त्याला ते कळत नाही, आणि मागच्या दोन बायकांना हसू आवरत नाही. इथे हसणाऱ्या जपानी आहेत आणि हसू कुणाला बोचत नाही. हे असं दिग्दर्शिकेला जमत होतं. जमत होतं म्हणूनच बाकीच्या ठिकाणी तिने घाई केली याची मला चुटपुट लागते. दोन अमेरिकनांच्या एकेका उसाशाला वेळ दिला आणि ज्यांच्या घरी ते पाहुणे होते त्यांना एकेका विनोदात उरकलं. माझी तक्रार भाईंच्या तक्रारीच्या अगदी उलट आहे. सिनेमा आणखी संथ हवा होता.

वयातल्या अंतराबद्दलही त्या रात्री बरंच बोललं गेलं. चित्रीकरणाच्या वेळी नटी सतरा वर्षांची होती हे कळल्यावर काही बायका अस्वस्थ झाल्या, आणि पहिल्याच दृश्यात कॅमेरा तिच्या पाठमोऱ्या शरीरावर इतका का रेंगाळतो, याचं समाधानकारक उत्तर माझ्याजवळही नाही. त्या नात्याला सिनेमाने दिलेला शेवट मात्र मला निखळ वाटतो. विमानतळाकडे निघालेला बॉब गर्दीत तिला पाहतो, गाडी थांबवतो, तिला मिठीत घेऊन कानात काहीतरी सांगतो. ते शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. ते नंतर भरायचे होते आणि मग भरलेच नाहीत, असं कोपोला यांनी स्वतः सांगितलं आहे. बरं झालं. दुभाषाविना एकमेकांना कळलेलं एवढं एकच वाक्य त्या दोघांपाशी राहिलं.

तर रविवारी हात वर करायचे आहेत. माझी पाळी संपली असली तरी पुढचा सिनेमा कुठला, याबद्दल माझी विनंती मी मंडळींपुढे ठेवली आहे. यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा 'टोकियो स्टोरी'. शहर तेच, पण घरातून पाहिलेलं, आणि कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर. ओनोमिचीहून म्हातारे आईवडील मुलांकडे टोकियोला येतात. मुलं वाईट नाहीत, कामात आहेत. त्यांना फिरवून आणायला कुणाला सवड नाही, म्हणून मुलं पैसे जमवून त्यांना आतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात, आणि तिथे शेजारच्या गोंगाटाने म्हाताऱ्यांना रात्रभर झोप लागत नाही. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको तेवढी कचेरीतून रजा काढते आणि त्यांना शहर दाखवते. ओझू कुणालाच घाईने उरकत नाहीत, म्हाताऱ्यांच्या बेफिकीर मुलीलासुद्धा. काकूंना मी एवढी गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "सुनेला घेऊन येऊ का? ती दिवाळीला इकडेच आहे. पण त्या दिवशी नको, एकटीने बघते आधी."

सिनेमा १३६ मिनिटांचा आहे हे मी आधीच सगळ्यांना सांगून टाकलं आहे. काल जिन्यात भाई भेटले. त्यांना विचारलं, येणार का. "आवीश," ते म्हणाले, "पण बारणां पासेनी खुरशी मारी." त्यांची खुर्ची मी दारापाशी मांडून ठेवणार आहे.